पितळी काटा

एकनाथच्या डाव्या हाताची दोन बोटं मी मोडली. तो खाली पडल्यावर, टाचेने.

तो माझ्याच हाताखाली शिकला. ओमानमध्ये दुक्मला आम्ही प्रोजेक्टवर दाब मोजायची गेज तपासतो. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं होतं, गेजला हात लावण्याआधी तो जसा सापडला तसा आकडा लिहायचा. त्याला आम्ही ‘ॲज फाउंड’ म्हणतो. तिथल्या वाऱ्यात कागद टिकत नाही, म्हणून तळहातावर लिहायचं.

मस्कतजवळ माबेलाला आमच्या घरी भिंतीवर माझ्या बायकोचं, डोरोथीचं बॅरोमीटर आहे. ती एका फ्रेंच बाईचे कपडे शिवायची. मस्कत सोडताना बाईने ते तिला दिलं. जुनं, लाकडी, सोनेरी मुलाम्याचं, वर दोन कबुतरं. त्याला काटे दोन. निळा हवेच्या दाबाने हलतो. पितळी आपण हाताने निळ्यावर आणून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी फरक कळतो. डोरोथी रोज सकाळी तो लावायची आणि मला फोन करायची. उन्हाळ्यात इथे दाब उतरतो आणि काटा तबकडीवरच्या ‘पाऊस’ या शब्दाकडे जातो, बाहेर मात्र रणरणतं ऊन.

“तुझा फ्रेंच परत खोटं बोलतोय,” मी म्हणायचो.

“तुझ्यापेक्षा कमी,” ती म्हणायची.

फेब्रुवारीत एका सकाळी तिने काटा लावला आणि दुपारी ती गेली. मी पाचशे किलोमीटर लांब होतो. त्यानंतर पितळी काट्याला कोणी हात लावला नाही. मीही नाही. तो कुठल्या आकड्यावर आहे हे वाचायचीसुद्धा मला हिंमत झाली नाही.

जूनमध्ये सुट्टीला एकनाथच्या गाडीतून आलो. त्याला जेवायला थांबवलं. सुरमई तव्यावर टाकून बाहेर आलो, तर त्याची बोटं बॅरोमीटरच्या काचेवरच्या गुंडीवर होती आणि दोन्ही काटे एकावर एक.

“केवढा एरर होता, दादा,” तो हसत म्हणाला. “जुळवला. खलास. ॲज फाउंड...”

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात ओठात घुसला. मानेला धरून त्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. त्याने डावी मूठ आवळली होती. मला वाटलं, आता मारणार. तो पडला तसा मी त्या मुठीवर टाच दिली, दोनदा. मोडल्याचा आवाज तळणीच्या आवाजातही ऐकू आला.

“तिने लावला होता तो,” मी म्हणत होतो आणि बरगड्यांत लाथा घालत होतो.

“दादा, हात,” तो म्हणाला. “हात बघा.”

त्याबद्दलही एक लाथ घातली. मासे जळून घरभर धूर झाला, तेव्हा थांबलो.

दवाखान्यात नर्सने विचारलं, काय झालं.

“पाइप पडला,” एकनाथ म्हणाला.

तिने एकेक बोट सरळ करत मूठ उघडली. तो ओरडला. रक्ताखाली निळ्या पेनाचा आकडा होता. ७६२. तिने कापूस उचलला.

“सिस्टर, थांबा. दादा, आधी वाचून घ्या.”

घरी येऊन मी पितळी काटा ७६२वर नेला. केसाचाही फरक नाही. पण तो आता मी लावलेला आहे. तिने लावलेला काटा एकट्या एकनाथने वाचला.