शाळेच्या छतावरचे चौघे

"सर, गिअरबॉक्सचा दिवा लागलाय," वायरलेसवर पायलट म्हणाली. "पण शाळेच्या छतावर अजून चौघे आहेत. एक फेरी मारते."

पूर नियंत्रण कक्षात सगळ्यांच्या माना आयुक्तांकडे वळल्या. या खुर्चीत येण्याआधी त्यांनी हवाई दलात हेलिकॉप्टरं उडवली होती. गुडघ्याने दगा दिल्यावर इंजिनिअर होऊन तीच खोलून जोडली होती. तो दिवा म्हणजे तेलात धातूचा कीस. कधी नुसतीच भीती, कधी पंखा जागच्या जागी जाम. हवेत असताना फरक कळत नाही.

"उतर," ते म्हणाले. "समोर मैदान दिसेल तिथे."

शेजारी बसलेले मंत्री ताडकन उठले. "अहो, पाणी छताला टेकतंय! आणि तुमचे भाऊ तिथेच मुख्याध्यापक आहेत ना?"

"आहेत. छतावरच आहेत." आयुक्तांनी नकाशात शाळेवर बोट ठेवलं. "बोटी सोडा. प्रवाहाच्या वरच्या अंगाने, दोर बांधून."

"सर, मी तयार आहे," पायलट पुन्हा म्हणाली.

"मी नाही. उतर म्हटलं ना!"

हेलिकॉप्टर उतरलं. मग नुसती वाट पाहणं. मंत्री येरझारा घालत होते, आयुक्त नकाशावर बोट ठेवून उभे होते. ते बोट कुणालाच हलताना दिसलं नाही.

अंधार पडायच्या आत बोट पोचली. तिघे चढले. शाळेचा शिपाई चढताना निसटला आणि प्रवाहाने ओढला गेला. खाली एका झाडाला अडकलेला सापडला. जिवंत, पण पाय चिरडलेला.

गिअरबॉक्स उघडल्यावर मेकॅनिकने मान हलवली. "कीस थोडाच आहे, साहेब. एक फेरी झाली असती बहुतेक."

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्यांचा मुख्याध्यापक भाऊ, दादा, घोंगडी पांघरून बसला होता. आयुक्तांनी काही न लपवता सगळं सांगितलं, मेकॅनिकचं बोलणंही.

"मी तिथे आहे हे ठाऊक होतं तुला?"

"होतं, दादा."

"आणि तरी?"

"तरी. त्या पायलटचाही जीवच होता."

दादाने अंगावरची घोंगडी बाजूला सारली.

"शिपायाची बायको आत बसलीय," तो म्हणाला. "पाय कापावा लागणार, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तू सांग. मी येतो सोबत."

आयुक्तांनी त्याला हात देऊन उठवलं आणि दोघे आत गेले.