कोरा कंट्रोल

तिसऱ्यांदा कंट्रोल कोरा आला तेव्हा मी स्लाइडचा ट्रे टेबलावर असा आपटला की शेजारच्या खोलीतून आमच्या लॅबच्या मॅडमनी विचारलं, "काय फुटलं?"

"माझं डोकं," मी म्हणाले.

काम तसं सरळ आहे. कुत्रीच्या अंडाशयातून काढलेली गाठ मेणात बसवायची, तिचा कागदाहून पातळ काप काचेवर घ्यायचा आणि त्यावर मार्कर घालायचा. मार्कर आपल्या ओळखीच्या पेशींना तेवढा धरतो आणि तपकिरी करतो. त्याच काचेवर वरच्या बाजूला कंट्रोल असतो, म्हणजे निरोगी अंडाशयाचा तुकडा. तो तपकिरी व्हायलाच हवा. नाही झाला तर चाचणी फसली, खालच्या गाठीबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

ही गाठ माझ्या आत्याच्या कुत्रीची होती. नाव बाईसाहेब, आणि तोराही तसाच. साध्या रंगात बघून गाठीची जात ठरेना, पहिल्या मार्करचा रंगही धड ना हो, धड ना नाही. म्हणून हा दुसरा. गाठ तपकिरी झाली तर ती बहुतेक वेळा जागच्या जागी राहणारी जात; ऑपरेशन झालंच होतं, सुटलो. कोरी राहिली तर दुसरी, पोटभर पसरणारी.

"वाईट असेल तर मी तिला सुया टोचत बसणार नाही," आत्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "पण चांगलं असेल तर उगाच हातपाय गाळायचे नाहीत मला. तेव्हा नीट बघ."

नीटच बघत होते. पहिल्यांदा कंट्रोल कोरा आला तेव्हा मी स्टोअरवाल्या काकांवर घसरले, मार्करची बाटली फ्रीजबाहेर राहिली असणार म्हणून. "बाई, पोटच्या पोरीसारखी जपलीय ती बाटली," काका म्हणाले. नवी बाटली फोडली. पुन्हा कोरा. मग मशीनवर खापर फोडलं. मेकॅनिक आला, मशीन ठणठणीत आहे म्हणाला आणि वर माझ्याकडेच संशयाने बघून गेला. आता तिसऱ्यांदा कोरा. आठवडा पाण्यात गेला होता.

रोज दुपारी आत्याचा फोन. "काय रंगारीणबाई, चढला का रंग?"

"नाही गं. चाचणीच बिघडतेय."

"म्हणजे अजून काहीच नक्की नाही ना?"

"काहीच नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणायची आणि बाईसाहेबांच्या तक्रारी सांगायची. टाक्यांमुळे तिला पलंगबंदी होती. "खाली बसून नुसती बघते गं माझ्याकडे. जसं काही मीच दुष्ट."

मॅडम आल्या. ट्रे बघितला. "कंट्रोलचा मेणाचा ब्लॉक कुणी केलाय?"

"मी. जुना संपला म्हणून."

"तुकडा फॉर्मलिनमध्ये किती दिवस होता?"

मेणात बसवण्याआधी तुकडा सडू नये म्हणून या द्रावात ठेवतात; तो बरणीत टाकून मी सुट्टीवर गेले होते. आल्यावर विसरले. "सहा आठवडे असेल."

एक-दोन दिवस पुरतात. इतकं मुरल्यावर पेशींवरची खूण झाकली जाते, मार्करला ती सापडतच नाही. मार्करची बाटली, मशीन, काका, मेकॅनिक, सगळे निर्दोष. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाठ मात्र दुसऱ्याच दिवशी मेणात बसवली होती," मी पुटपुटले.

"मग पहिली स्लाइड आण."

मॅडमनी ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि कंट्रोलकडे बघितलंसुद्धा नाही. गाठीच्या कडेकडेने त्या हळूहळू गेल्या आणि थांबल्या. "ये, बघ."

गाठीला चिकटून मूळ अंडाशयाची एक चिंधी उरली होती. तिच्यात निरोगी पेशींचं एक बारीकसं कडं होतं. गडद तपकिरी, स्वच्छ, कुठेही शंका नाही. आणि त्याला लागून ती सगळी गाठ, कोरी.

दुसरी स्लाइड काढली, तिसरी काढली. तिन्हींवर तेच. चाचणी पहिल्या दिवसापासून चालत होती. मी दरवेळी वरचा तुकडा बघून चिडत होते आणि खाली बघतच नव्हते. नियम तसा आहे, हे खरं. पण मला खाली बघायचंच नव्हतं, हेही तितकंच खरं. चाचणी बिघडलेली होती तोवर बाईसाहेब बरी होती.

"मी रिपोर्ट लिहिते," मॅडम म्हणाल्या. "तू घरी सांग."

फोन मी करायच्या आत तोच वाजला.

"काय रंगारीणबाई, आजही बिघडलीच का?"

"नाही आत्या," मी म्हणाले. "आज नीट कळलं."

माझ्या आवाजावरूनच तिला समजलं असावं. मागे बाईसाहेबांच्या नखांचा फरशीवर टकटक आवाज येत होता.

"बरं," ती म्हणाली. "आज कामावरून परस्पर इकडेच ये. तिला पलंगावर घ्यायचंय. माझ्या एकटीच्याने उचलवत नाही."