कच्चा टाका

"दुखत नाही, खुपत नाही, मग आतड्यात दुर्बीण घालून बघायचं कशाला?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"दुखायच्या आधी बघायचं म्हणूनच. पन्नाशी उलटली तुमची. बारीक गाठ असली तर तिथल्या तिथे काढता येते. गुंगीचं इंजेक्शन देतात, घाबरू नका. फक्त घरी न्यायला कोणीतरी हवं. त्याशिवाय करत नाहीत."

घाबरतंय कोण! घोडं अडलं होतं त्या 'कोणीतरी'पाशी. दोनदा तारीख घेतली, दोनदा मोडली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, बाई भित्री. मीही वाटू दिलं. भित्री म्हटलेलं चालतं, एकटी म्हटलेलं जिवाला लागतं. बहीण गेल्यापासून घरात शिलाई मशीनचाच काय तो आवाज. गिऱ्हाइकं येतात, हात पसरून मापं देतात आणि आपल्या वाटेने जातात.

तिसऱ्या वेळी मी डोकं चालवलं. एका मास्तरीणबाईंचा कोट शिवायला होता, भाचीच्या लग्नासाठी. त्यांना कळवलं, "शुक्रवारी दुपारी इस्पितळातच मिळेल. माझं तिथे काम आहे." आणि इस्पितळात सांगून टाकलं, मला न्यायला बाई येणार आहेत.

गुंगी उतरत होती तेव्हा नर्सचा आवाज आला, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"मी? मी कोट न्यायला आले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मास्तरीणबाईंनी कोट घालून पाहिला. एक बाही नुसत्या कच्च्या टाक्यावर लोंबत होती.

"घरी मशीनवर पाच मिनिटांचं काम आहे," मी पुटपुटले.

त्यांनी बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चला मावशी," म्हणाल्या आणि माझ्या चपला पुढे सरकवल्या.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं स्वच्छ आहे. आता थेट दहा वर्षांनी!" आनंद व्हायला हवा होता. मला रडू फुटलं. दहा वर्षांनी मी कोणाचा कोट शिवणार?

घरी मास्तरीणबाईंनी मला मशीनला हात लावू दिला नाही. चहा केला, कोट खुंटीला अडकवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मी टीप मारली, दोरा तोडला, कोट त्यांच्या हातात दिला. संपलं काम.

त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"मावशी, ही दुसरी बाहीसुद्धा जरा सैल वाटतेय हो."

ती बाही अगदी पक्की होती. मी कात्री घेतली आणि उसवायला बसले.