चुंबकाची ओढ पोहोचते तिथवर

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. बाकावर पेंगणारा प्रवासी दचकून उठायचा. मग कानाखाली गाठ आली आणि तो आवाज बसला. सुरुवातीच्या औषधांनी त्यालाच आडवं केलं. केस गेले, अन्नावरची वासना उडाली, गाठ मात्र ढिम्म हलेना.

त्याची बायको शिवणकाम करायची. डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार सुचवला तेव्हा तिनेच खोदून खोदून विचारलं.

"लोखंडाचे कण असतात, काकू, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. त्यांना औषध चिकटवायचं, गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत सोडायचं आणि बाहेरून गाठीवर चुंबक धरायचं. मग औषध बरंचसं तिथेच थांबतं, अंगभर कमी फिरतं. पण ही अजून चाचणी आहे. गुण येईलच असं मी म्हणणार नाही."

"म्हणजे मला आता गंज चढणार," भोंगा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तो लग्नापासूनच चढलाय," बायको म्हणाली.

पहिल्या दिवशी नर्सनं अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. बायकोनं घड्याळ काढलं, कानातलं काढलं, पण खांद्यावर टोचून ठेवलेली सुई विसरली. नवऱ्याच्या उशाशी वाकली मात्र, सुई सुटली आणि टक्कन चुंबकाला चिकटली. नर्सच्या तोंडचं पाणी पळालं. भोंगा मात्र डोळ्यांत पाणी येईतो हसला.

गाठ खरंच उतरली. लिंबाएवढी होती ती बोराएवढी झाली, मग हाताला लागेनाशी. एका सकाळी त्यानं न्हाणीघरातून "टॉवेल!" अशी आरोळी ठोकली आणि बायको हातातली कात्री तशीच धरून रडत उभी राहिली.

मग खोकला सुरू झाला. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"मानेची गाठ गेलीय. पण आजार आधीच फुप्फुसांत उतरला होता. तेव्हा दिसला नाही, आता दोन्हीकडे पसरलाय."

"मग छातीवर धरा की चुंबक!"

"एका जागच्या गाठीवर धरता येतं, काकू, तीही कातडीजवळ असेल तर. हे दाणे सगळीकडे विखुरलेत, आणि खोल. तिथवर त्याची ओढ पोहोचत नाही."

भोंगा म्हणाला, "पण मानेवर लागू पडलं ना? तसं नोंदवा. पुढच्यांच्या कामी येईल."

घराच्या दाराशी तिचा बांध फुटला. "लागू पडलं म्हणे! पुढच्यांची काळजी करताय, आणि माझं काय?"

तिला कुलपात किल्ली घालता येईना, म्हणून त्यानं ती तिच्या हातातून घेतली आणि दार उघडलं.

थंडी सरायच्या आत तो गेला. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ होता. तेच तिला सोसवलं नाही. "दुखतंय गं" हे शब्द इतके स्पष्ट ऐकू यायचे.

उसनं आणलेलं ऑक्सिजनचं यंत्र परत करायला ती हॉस्पिटलात गेली. उपचाराच्या खोलीबाहेर एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्याला नुकतंच आत नेलं होतं.

"नर्स म्हणाली, तुमच्या यांनाही हेच दिलं होतं. गुण आला?"

"गाठ गेली. आवाज परत आला."

"मग आता बरे आहेत ना?"

हो म्हणावं, असं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं.

"नाही हो. गेले. आजार आधीच छातीत उतरला होता. तुमच्या यांची छाती नीट बघितलीय का, ते विचारा. भीड धरू नका."

त्या बाईचा चेहरा उतरला. शिवणकाम करणारी ती घरी जायला निघाली होती, पण तिच्याशेजारी बसली, आणि आतलं दार उघडेपर्यंत तिथून हलली नाही.