अर्धं बाक तायवोचं

इग्बो-ओरा गावाच्या बाजाररस्त्यावर फ्लेक्स छापणारी दुकानं दोनच. एक लासिसीचं आणि त्याच्या समोर बिंपेचं. लासिसीकडे तीन यंत्रं होती, पण तिन्हींना मिळून पुरेल एवढी अक्कल त्याच्याकडे नव्हती, असं बिंपेचं स्पष्ट मत. गेल्या वर्षी त्याने एका मानकऱ्याचा उभा फोटो आडव्या फ्लेक्सवर बसवायला दोन्हीकडून ताणला, आणि तो भला माणूस गालगुंड झाल्यासारखा महिनाभर चौकात लटकत राहिला. लासिसी म्हणाला, "खाऊनपिऊन सुखी दिसतायत, त्यात काय वाईट?"

बिंपेची गोष्ट वेगळी होती. फोटो कापायचा नाही, ताणायचा नाही आणि तरी मापात बसवायचा, ही विद्या तिने जनरेटरच्या धुरात बसून, मोबाइलवर बघून बघून स्वतः कमावली होती. संगणकात त्यासाठी एक हुशार सोय असते. फोटोत जिथे काही घडत नाही, कोरी भिंत, मोकळं आकाश, तिथल्या केसाएवढ्या रेघा ती एकेक करून काढून टाकते. माणूस जसाच्या तसा राहतो आणि फोटो अरुंद होतो. ते बघायला आजूबाजूच्या बायका तिच्या दुकानात खुर्च्या ओढून बसत, आणि बिंपेच्या अंगावर मूठभर मांस चढे.

म्हणून केहिंदेबाईंच्या सत्तरीचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा ती हवेतच होती. बाई गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, बिंपेसुद्धा. गणितात तिने त्यांचा इतका मार खाल्ला होता, की आता एकदा तरी बाईंनी आपल्या कामाकडे बघून मान डोलवावी, एवढीच तिची भूक होती.

बाईंची मुलगी मोरोलाके इबादानहून फोटो घेऊन आली. बाई शिक्षिका झाल्या त्या दिवशीचा, स्टुडिओत काढलेला. लांबलचक बाक, मागे पडदा, एका कडेला स्टँडवर फुलदाणी, आणि बाकाच्या एका टोकाला ताठ बसलेली, उंच फेटा बांधलेली तरुण केहिंदे.

"फ्लेक्स उभा हवाय, हॉलच्या दारात लावायला," मोरोलाके म्हणाली. "आई मोठी दिसली पाहिजे. ही एवढी रिकामी जागा काय करायचीय?"

"ताई, तुम्ही चहा घ्या. ती जागा मी चहा संपायच्या आत गिळून दाखवते."

आणि दाखवली. फेट्याची घडी मोडली नाही, गळ्यातला मणी हलला नाही. रिकामी बाजू मात्र कुठे गेली, कळलंसुद्धा नाही. मोरोलाकेने टाळ्या वाजवल्या. फ्लेक्स छापून भिंतीला लागला, तेव्हा लासिसीसुद्धा रस्ता ओलांडून आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बरं आहे," म्हणजे त्याच्या पोटात दुखायला लागलं होतं.

गुरुवारी दुपारी बाई स्वतः आल्या. बिंपेने दोन्ही गुडघे टेकून नमस्कार केला. बाईंनी चष्मा लावला आणि फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. बिंपे त्यांच्या मानेकडे बघत होती. मान काही हलली नाही.

"हे बाक होतं," बाई म्हणाल्या. "याचं स्टूल कसं झालं?"

"बाई, ती बाजू रिकामी होती, म्हणून..."

"रिकामी नव्हती. तायवो कुठाय?"

इग्बो-ओरा म्हणजे जुळ्यांचं गाव. इथे केहिंदे म्हटलं की तायवो असणारच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोटातून आधी बाहेर येते ती तायवो, पण थोरली केहिंदेच. कारण तिनेच धाकटीला 'जा, जग कसं लागतं ते चाखून ये' म्हणून पुढे धाडलेलं असतं. बाईंचं नाव आयुष्यभर तोंडात असून हा प्रश्न बिंपेला एकदाही पडला नव्हता.

"नऊ वर्षांची असताना गेली," बाई म्हणाल्या. "दोघींनी मिळून मास्तरीण व्हायचं ठरवलं होतं. फोटोवाला मला सांगत होता, पोरी, मधे बस, फोटो एकांगी दिसतोय. मी म्हटलं, अर्धं बाक माझ्या बहिणीचं आहे. माझ्या मुलीलाही मी हे कधी सांगितलं नाही. तुला तरी कसं कळणार?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई नुसत्या खुर्चीत बसल्या. बिंपेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिचा तिला एवढा तोरा, त्याच विद्येने तिने बाईंच्या बहिणीला दुसऱ्यांदा नाहीसं केलं होतं.

"शनिवार सकाळपर्यंत वेळ द्या, बाई," ती म्हणाली.

त्या हुशार सोयीला एक गोष्ट सांगता येते. जे जपायचं त्यावर आधी रंग फासायचा, मग ती तिथे हात लावत नाही. सगळे चेहऱ्यावर फासतात. बिंपेने बाईंवर फासला आणि मग बाकाच्या मोकळ्या अर्ध्या भागावर, त्याच्या पायांवर, अगदी पाठीमागच्या पडद्यावरही, एक मुलगी बसली तर जेवढी उंच दिसेल तेवढा फासला. आता यंत्राला कापायला उरल्या फक्त कडा. फुलदाणी वाकली, पडद्याच्या चुण्या तिरक्या झाल्या. फुलदाणी तिने काढूनच टाकली, आणि चुण्या शुक्रवारभर हाताने एकेक सरळ करत बसली. बाईंचा आकार लहान झाला, तो झालाच. लासिसी दारातून डोकावला. "काय गं, एवढा मोठा फ्लेक्स आणि त्यावर नुसतं बाक? सुताराची जाहिरात आहे का?" बिंपेने मान वर केली नाही.

शनिवारी हॉलच्या दारात फ्लेक्स लागला. सगळ्यांच्या अंगावर एकाच निळ्या छापाचं कापड, आत कंदाच्या पिठाच्या आमल्याचा आणि इलासाच्या, म्हणजे भेंडीच्या पाल्याच्या, भाजीचा वास. मोरोलाके आधी फुरंगटली, पण आईने तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि ती डोळे पुसत परत आली. गावातल्या म्हाताऱ्या जुळ्या बायका जोडीजोडीने येत होत्या. त्या फ्लेक्ससमोर थांबत, कुणी काही न सांगता त्यांना कळे, आणि आधी बाईंच्या चेहऱ्याला आणि मग शेजारच्या मोकळ्या जागेला गुडघे टेकून नमस्कार करून आत जात. बिंपे खांबाला टेकून हे बघत होती.

बाईंनी तिला हाक मारली. "ये, माझ्यासोबत फोटो काढ."

दोघी फ्लेक्सपुढे उभ्या राहिल्या. बाई आपल्या चेहऱ्याखाली आणि बिंपे पार दुसऱ्या टोकाला, बाक झाकलं जाणार नाही अशी. मोबाइल लासिसीच्या हातात होता.

"बिंपे, सरक की जवळ," तो ओरडला. "मधे जागा रिकामी दिसतेय."

बिंपे जागची हलली नाही.

"सांग त्याला," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तू माझी विद्यार्थिनी आहेस. किती जणी आहोत, ते मोजून सांग."

"तिघी, बाई," बिंपे म्हणाली.

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मान डोलवली.