पालकांसाठी शेरा

वह्या तपासता तपासता शशिकलाबाईंना दरदरून घाम फुटला, आणि तो काही एप्रिलच्या उकाड्याचा नव्हता.

त्याचं असं झालं. नवीन पनवेलच्या एका शाळेत तिसरीचा वर्ग बाईंकडे होता. वर्गातल्या संजनाची काळजी त्यांना महिनाभर लागून राहिली होती. भर उन्हाळ्यात पोरगी स्वेटर काढायची नाही. डबा आणायची नाही, आणि दुसऱ्यांच्या डब्यातली उरलेली पोळी दप्तरात दडवायची. बाईंनी फळा पुसायला नुसता हात उचलला, तरी डोकं धरून खाली बसायची. आज मधल्या सुट्टीत बाईंनी हळूच तिची बाही वर सरकवली, तर दंडावर पट्ट्याचे वळ. काही निळे, काही जुने होऊन पिवळे पडलेले. एका ठिकाणी तर बक्कलचा चौकोन जसाच्या तसा उठला होता.

"पडले, बाई," संजना म्हणाली. पडून कुठे असे वळ उठतात का हो?

मग बाईंनी काय करावं? वीस वर्षांची सवय! गृहपाठ नाही, लिही दैनंदिनीत शेरा. नखं वाढली, लिही शेरा. हात आपोआप चालला: 'मुलीच्या अंगावर मारल्याचे वळ आहेत. पालकांनी लक्ष द्यावे व सही करून पाठवावी.' साडेबाराला शाळा सुटली, संजना दप्तर पाठीला लावून विचुंब्याला घरी गेली आणि बाई मोठं काम केल्यासारख्या वह्या घेऊन बसल्या.

तेवढ्यात संजनाच्याच इमारतीतली दिपा विसरलेली बाटली घ्यायला परत आली. बाईंनी सहज विचारलं, "काय गं, संजनाची आई दुपारची घरी असते ना?"

"नाही बाई, ती बाळंतपणाला माहेरी गेलीय. होळीच्या आधीच. घरी पप्पाच असतात. त्यांना रात्रपाळी आहे ना."

सही कोण करणार, एवढं साधं विचारायला नको होतं? ज्याने मारलं त्याच्याच हातात त्यांनी कागद धाडला होता, आणि तोही पोरीच्याच हातून!

त्या मुख्याध्यापिकांकडे धावल्या. दमयंतीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरगुती मामला आहे, शशिकला. सोमवारी लेखी द्या, बघू."

"सोमवारपर्यंत पोरगी राहील का?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी रिक्षा पकडली. माणूस अंगावर आला तर? नोकरीवर बालंट आलं तर? रिक्षा वळवा म्हणावं असं दोनदा मनात आलं, खोटं कशाला सांगा! पण जीभच उचलली नाही.

जिन्यात शेजारीण रंभा तांदूळ निवडत बसली होती. बाईंनी संजनाचं नाव सांगताच तिने आवाज खाली आणला. "आमी रोज आयकतो, बाई. आज तर लय आरडली पोर. मंग एकदम गप झाली."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगनार? बाप हाय तो."

बाप आहे, म्हणजे संपलंच की! जीव घेतला तरी चालेल! बाईंना संताप आला आणि त्या संतापाच्या जोरावरच त्यांनी कडी वाजवली.

दार संजनाच्या बापाने, प्रदीपने उघडलं. भांग पाडलेला, नीटनेटका माणूस. "अरे, बाई! या ना. चहा टाकू?" तो हसला, तशी बाईंची आणखीच पाचावर धारण बसली. दैनंदिनी त्याच्या हातातच होती. "वाचलं मी. पोर खोटं बोलली की द्यावे लागतात दोन रट्टे. तुम्ही नाही मारत का शाळेत?"

पट्टी तर बाईंनीही उगारली होती, कैक वेळा. त्यांची मान खाली गेली.

"संजनाला बोलवा," त्या कशाबशा म्हणाल्या.

"झोपलीय."

आत कुठेतरी पत्र्याचं दार खडखडलं. बाई चपलांसकट घरात घुसल्या. मागे प्रदीप ओरडला, पण जिन्यातून रंभाही ओरडत वर आली आणि तिच्या आवाजाने आणखी दोन दारं उघडली, तसा तो जागीच थबकला. मोरीला बाहेरून कडी होती. बाईंनी ती काढली. संजना कोपऱ्यात ओल्या फरशीवर उभी होती. ओठ फुटला होता. तिने बाईंकडे पाहिलं आणि हात जोडले.

"बाई, मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं ना? पप्पांना सांगा ना, बाई. मी नव्हतं सांगितलं."

बाईंनी तिला उचललं. आठ वर्षांची पोर, पण वजन असं नव्हतंच.

चौकीत हवालदाराने कागद पुढे ओढला. पोरीला दवाखान्यात नेऊ, मामाला निरोप धाडू, आज काही ती त्या घरी जात नाही, असं त्याने सांगितलं तेव्हा बाईंना पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. संजनाने त्यांचा पदर मुठीत गच्च धरला होता.

"वळ दिसल्यावर तुम्ही आधी कोणाला कळवलंत?" हवालदाराने विचारलं.

मुख्याध्यापिकांना, असं म्हणता आलं असतं. कोण तपासणार होतं? संजना त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"तिच्या बापाला," शशिकलाबाई म्हणाल्या. "या पोरीने कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. मी कळवलं. आजचा मार तिला माझ्यामुळे पडला. तसंच लिहा."