पहिली हाक सेमोलीची

जाळी टाकून झाल्यावर रान जागं करायला एका बाईनं पहिली हाक द्यायची, ही मोसापुला नावाच्या रानवस्तीची रीत. ती हाक गेली सोळा वर्षं सेमोली देत होती. गळ्यातून एकदम वर चढणारी, मध्येच फुटून दोन होणारी तिची हाक ऐकली की पुरुष आरडाओरडा करत झुडपांत घुसायचे, हरणं पळत सुटायची आणि जाळ्यापाशी दबा धरून बसलेल्या बायका त्यांच्यावर झडप घालायच्या. सेमोलीला वाटे, शिकार खरी तिच्या हाकेनंच होते. बाकीचे नुसते धावतात.

मग धाकट्या दिरानं लग्न केलं आणि न्दामी घरात आली.

न्दामीचं काही चुकत होतं असं नाही, तेच तर दुखणं होतं. एखादी आळशी, तोंडाळ जाऊ मिळाली असती तर सेमोलीनं तिला आनंदानं सांभाळून घेतलं असतं. ही पोरगी पहाटे उठून ओढ्यावरून पाणी आणायची, कोको या रानवेलीची भाजीची पानं केसासारखी बारीक चिरायची आणि वर चिरता चिरता गुणगुणायची. त्या गुणगुणण्याला अख्ख्या वस्तीचे कान लागायचे. सेमोलीचा स्वतःचा नवरा, मोबेया, एकदा जेवताना घास हातात धरून ऐकत बसला होता. सोळा वर्षांत बायकोच्या आवाजावर त्याचा एक घास अडला नव्हता.

एके दिवशी नदीकाठच्या गावचा वाटाड्या बोनिफास दोन पाहुणे घेऊन आला. पाहुण्यांना रानातली खरी शिकार बघायची होती. पाहुण्यांतल्या बाईकडे आवाज टिपायचं यंत्र होतं, काठीच्या टोकाला केसाळ बोंडूक लावलेलं. वस्तीतून निघाल्यापासून ते बोंडूक न्दामीच्या तोंडासमोर होतं. सेमोली मुद्दाम खोकली, मोठ्यानं हसली, एकदा तर फांदी लागल्याचं निमित्त करून ओरडली. बोंडूक तिच्याकडे वळलं नाही.

जाळी टाकून झाली तेव्हा बोनिफास म्हातारबाबांना म्हणाला, "बाबा, पाहुण्यांची इच्छा आहे, आज हाक या नव्या सुनेनं द्यावी."

म्हातारबाबा म्हणजे कोम्बेती, वस्तीतला सगळ्यांत जुना शिकारी. त्यांनी सेमोलीकडे पाहिलं. "काय गं, चालेल ना?"

"मला काय विचारता?" सेमोली म्हणाली. "माझा घसा काय, इथंच आहे. पळून जातोय थोडाच!"

न्दामीनं हाक दिली. सेमोलीनं खूप प्रयत्न केला, पण त्या हाकेत तिला खोट सापडली नाही.

पहिल्या फेरीत जाळी रिकामी. जागा बदलून दुसऱ्यांदा टाकली, रिकामी. तिसऱ्यांदा एक हरीण समोर दिसत असून जाळ्याला वळसा घालून निघून गेलं. जाताना त्यानं मागं वळूनही पाहिलं, असं मोबेया शपथेवर सांगत होता.

"बसा सगळे," कोम्बेती म्हणाले.

सगळे पानांवर बसले. पाहुण्यांना काही कळेना, तेव्हा बोनिफासनं त्यांना हळूच समजावलं. कुणाच्या पोटात राग किंवा हेवा धुमसत असला की रान जनावर देत नाही. ज्याच्या पोटात असेल त्यानं सगळ्यांसमोर बोलून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. नाहीतर जाळी गुंडाळून घरी.

"कुणाच्या पोटात दुखतंय?" कोम्बेतींनी विचारलं. "लाजू नका. दुखणं सगळ्यांनाच असतं."

मोबेयाच्या चुलतभावानं कबूल केलं की परवा त्यानं मधाचं पोळं एकट्यानं खाल्लं. "ते तुझ्या दाढीला अजून लागलंय की रे!" बायका ओरडल्या. एका म्हातारीनं सुनेला मनातल्या मनात माकडीण म्हटल्याचं सांगितलं. "मनातल्या मनात कसलं, चांगलं मोठ्यानं म्हणालात," सून म्हणाली. हशा पिकला. पण कोम्बेतींचं समाधान होईना. त्यांची नजर फिरत फिरत सेमोलीवर येऊन थांबली.

सेमोलीच्या पोटात आग पेटली होती, आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं. पण उठून सांगायचं काय? ही कालची पोर माझ्यापेक्षा सरस गाते म्हणून मी जळते, हे? या सगळ्यांसमोर? त्या बोंडकासमोर? जीभ तुटली तरी चालेल. ती खाली मान घालून पायातला काटा काढत बसली. पायात काटा नव्हता.

"माझ्या पोटात दुखतंय," न्दामी उठून म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"जाऊबाईंसारखी हाक मला जन्मात जमायची नाही. त्यांच्या हाकेला रान ओळखतं. मला कोण ओळखतंय? मला त्यांचा हेवा वाटतो. आज हाक दिली तेव्हाही वाटत होता."

सेमोलीनं वर पाहिलं. पोटातली आग अशी झटक्यात विझली, की तिलाच हलकं हलकं वाटायला लागलं. बिचारी! केवढीशी पोर, आणि आपण काय काय मनात आणलं तिच्याबद्दल. ती उठली, न्दामीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वेडी कुठली. होईल सवय हळूहळू."

चौथ्यांदा जाळी टाकली. हाक सेमोलीनं दिली, मोकळ्या मनानं. दोन मबोलोको, ती निळसर अंगाची छोटी हरणं, एकदम जाळ्यात येऊन पडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मांस वाटताना सेमोलीला मायेचं भरतं आलं होतं. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "आजपासून पहिली हाक न्दामीनं द्यायची. मी देते तिला. लहान आहे, तिला हौस आहे, मी शिकवीन."

"बोललीस हं, सेमोली," कोम्बेती म्हणाले.

"बोलले की!"

मांसासमोर दिलेला शब्द परत घेता येत नाही, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

परतीच्या वाटेवर टोपली पाठीवर घेऊन दोघी मागं राहिल्या. सेमोली मोठेपणानं म्हणाली, "माझा हेवा करत जाऊ नकोस गं. एकेकाची देणगी असते."

न्दामी गडबडली. "जाऊबाई, मला कुठला हेवा? मी आपलं तसं म्हणाले. तुम्ही बोलेनात, आणि उन्हं तर कलायला लागली होती. बाबांनी मला डोळ्यानं खुणावलं, बोल काहीतरी."

"बाबांनी?"

"सगळ्यांनाच कळलं होतं की. भाऊजी कानाशी म्हणाले, तिचं कौतुक कर, लगेच निवते."

सेमोली जागच्या जागी थांबली. म्हणजे मोबेयाला माहीत होतं, मध खाणाऱ्याला माहीत होतं, माकडिणीलाही माहीत होतं. आणि आपण सोळा वर्षांची हाक स्वतःच्या हातानं पानात वाढून दिली. पोटात पुन्हा भडका उडाला, सकाळच्या दुप्पट. या वेळी तिला तो आवरेना.

"हो, जळते मी तुझ्यावर!" ती ओरडली. "तुझ्या आवाजावर जळते, तुझ्या पानं चिरण्यावर जळते, तू आलीस त्या दिवसापासून जळते!"

पुढं चालणारी सगळी माणसं वळून पाहू लागली. न्दामीनं पाठीवरची टोपली सावरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता कशाला सांगता, जाऊबाई? जाळी तर गुंडाळून झाली."